वरातीतून निवृत्त झालेली म्हातारी घोडी सांभाळायची आहे, विकायची नाही. सोलापूरकरांनो, माहिती हवी

होटगीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. चुलत्यांची वरातीची घोडी आता आमच्या होटगीच्या शेतावर आहे. चुलत्यांचं वय झालं, धंदा बंद केला, घोडी राहिली. नाव लक्ष्मी. नुकरा आहे: अंगानं पांढरी, नाकाडावर आणि डोळ्यांभोवती गुलाबी कातडी, डोळे घारे. वयाचा कागद नाही, पण घरातल्या लग्नांवरून हिशेब लावला तर विशी केव्हाच ओलांडली आहे.

अडचणी अशा. कडबा टाकला की तुटून पडते, पण वाळत चालली आहे. पाठीचा कणा आणि माकडहाड वर आलंय. गव्हाणीपाशी रोज सकाळी अर्धवट चावलेले, लाळेत भिजलेले गवताचे बोळे पडलेले असतात. पुढचे पाय सकाळी आखडलेले, थोडं चालली की मोकळे होतात. आणि वैशाख डोक्यावर आलाय.

गावातले म्हणतात अकलूजच्या बाजारात ने. एक जण घरी येऊन दर पण सांगून गेला. नेऊन काय करणार, असं विचारलं तर त्यानं उत्तर दिलं नाही. त्याच दिवशी ठरवलं, घोडी विकायची नाही. तिनं आमच्या घरातल्या दोन पोरांची शिक्षणं काढली आहेत. खुंटा, सावली, पाणी आणि पोटभर चारा एवढं तिचं येणं आहे. ज्यांनी म्हातारं किंवा जायबंदी घोडं सांभाळलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

माळरान_नान्नज

विकायची नाही हे वाचून बरं वाटलं. वाचनखूण साठवली. जाणकार येतीलच.

पशुवैद्य_निवृत्त

होटगीकर, आधी तोंड बघून घ्या. बोळ्यांबद्दल लिहिलंत तिथंच निम्मं निदान झालं.

घोड्याचे दात बहुतेक आयुष्यभर हिरडीतून वर येत राहतात, वर्षाला साधारण २ ते ३ मिलिमीटर, आणि चावताना तेवढेच झिजतात. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो. त्यामुळे वरच्या दाढांची बाहेरची कड आणि खालच्या दाढांची आतली कड झिजायची राहून जाते आणि तिथं धार येते. वरची धार गालाला कापते, खालची जिभेला. जनावर भुकेनं घास घेतं, दोनचारदा चावतं, दुखतं म्हणून तोंडातून सोडून देतं. वय आणखी वाढलं की दातांचा साठाच संपत येतो. एखादी दाढ हलते, पडते, आणि समोरची दाढ झिजायला जोडीदार नाही म्हणून त्या रिकाम्या जागेत वाढत राहते.

‘वय झालं, आता वाळणारच’ असं म्हणून लोक घोडं उपाशी मरू देतात. नोकरीत मी हे सतत पाहिलं आणि त्याचा मला आजही राग येतो. नुसत्या वयानं घोडं वाळत नाही. दात, जंत, दुखणं किंवा आतला आजार, यांपैकी काहीतरी असतं, आणि ते शोधता येतं. लीद हातात घेऊन फोडून बघा. त्यात लांब लांब काड्या किंवा अख्खा हरभरा दिसला तर चर्वण होत नाही, हे नक्की.

दात घासण्याचं काम पशुवैद्याकडूनच करून घ्या. तोंड उघडं ठेवायचं साधन लावून, गुंगीचं इंजेक्शन देऊन, कानशीनं धार काढतात. घरी हात घालून बघू नका, दाढा बोट तोडतात. हे एकदा करून भागत नाही. विशीपुढच्या घोड्याचं तोंड वर्षातून दोनदा तपासावं.

आता वजन. काट्यावर न्यायची गरज नाही. टेप घ्या. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. उत्तर किलोत येतं. घेर १६० आणि लांबी १५५ असेल तर साधारण ३३४ किलो. आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण दर पंधरवड्याला त्याच जागी टेप लावली की घोडी भरते आहे की उतरते आहे ते कळतं. डोळ्यांना रोज बघून कळत नाही.

चारा कोरड्या वजनात शरीराच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे एवढ्या घोडीला रोज ५ ते ७ किलो. पण अख्खा कडबा तिला चावणार नाही. कुट्टी करा, पाण्यात भिजवून मऊ करून द्या. वाळवलेला लसूणघास असेल तर तोही भिजवून. हरभरा रात्रभर भिजवून, भरडून. चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, एकाच वेळी तोबराभर देऊ नका, एका वेळेला किलोभराच्या आतच. दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. अंगावर मांस धरायला तेल चांगलं. आपल्याकडची करडई किंवा कुठलंही खायचं तेल, दोन चमच्यांपासून सुरुवात करून हळूहळू वाढवत नेऊन दिवसाला एक-दीड कप. खाण्यातला कुठलाही बदल दहा ते चौदा दिवसांत सावकाश करा. घोड्याला उलटी होत नाही. पोटात गेलेलं बिघडलं तर बाहेर यायला वाट नसते, सरळ पोटशूळ उठतो.

बार्शीचा_नालबंद

राम राम. आमचं घराणं नालबंदीचं, आज्जापासून. टांगे होते तवा स्टँडवर रांग लागायची, आता वरातीची घोडी नि शर्यतीची जनावरं.

म्हातारीच्या नाला काढून टाका. कामाची नाही, डांबरावर जात नाही, मग लोखंड कशाला. मऊ रानात उघड्या खुरावर बरी राहते. पहिले काही दिवस कचरंल, घाबरू नका, पण दगडाच्या रानात सोडू नका. नाल काढली म्हणून खूर इसरायचं नाही. दर सहा ते आठ आठवड्यांनी छाटणी पायजेच. पंजा लांबला की सगळा भार मागच्या नसांवर येतो, आणि आधीच सांधे धरल्याले असले तर चालणंच बंद होतं.

एक गोष्ट नालबंदाला सांगा, आणि तो ऐकत नसंल तर दुसरा बघा. म्हाताऱ्या जनावराचा पाय वर ओढायचा नाही. तरण्या घोड्याचा पाय गुडघ्यावर घेतात तसा हिचा घेतला की सांध्यात कळ जाते, मग ती ओढाओढ करते, मग लोक तिला मारतात. पाय जमिनीपासून टीचभर उचलायचा, खाली बसून काम करायचं, मिनिटभरानं खाली सोडायचा, परत घ्यायचा. दोन्ही पुढचे पाय दुखत असले तर एक उचलल्यावर दुसऱ्यावर सगळं वजन येतं, तवा खालती ओल्या वाळूचं पोतं नायतर जाड गोणपाट टाकावं.

तळव्यात मधी जो मऊ तिकोनी भाग असतो, त्याला आम्ही पुतळी म्हणतो. तिथनं काळं, घाण वासाचं काय निघत असंल तर कूज लागलीया. लिदीत नि मुतात उभं राहिल्यानं होतं. रोज सकाळी खूर खरवडा, जागा कोरडी ठेवा.

वरातवाला

धागा चांगला आहे, पण दुसरी बाजू मांडतो. माझ्याकडे तीन घोड्या आहेत. लग्नसराई तुळशीच्या लग्नापासून सुरू होते आणि पावसाळ्याच्या तोंडाला संपते. चातुर्मासात एक रुपया येत नाही, जनावर मात्र बाराही महिने खातं. शहरात पाणी रोज येत नाही, टँकर मागवावा लागतो. कडबा दुष्काळात कुठल्या कुठे जातो ते तुम्हाला माहीत आहे. होटगीकरांकडे शेत आहे. पत्र्याच्या दोन खोल्या आणि समोर घोडं बांधणाऱ्यानं म्हातारी घोडी कुठे ठेवायची? आम्ही निर्दयी आहोत म्हणून विकत नाही. आमच्या पोरांसारखी वाढवतो आम्ही.

मेघना_सोलापूर_पुणे

वरातवाले दादा, तुमचं म्हणणं खरं आहे आणि ते कुणीतरी लिहायलाच हवं होतं. पण विकलेली म्हातारी घोडी कुठे जाते? विकत घेणारा तिला खुंट्याला बांधून पोसायला घेत नाही. तो तिच्याकडून आणखी काम काढतो: विटांची गाडी, वाळूची गाडी, नाहीतर कुठल्या तरी जत्रेत दिवसभर पोरं पाठीवर. म्हणजे जी तुमच्याकडे चालू शकत नाही म्हणून विकली, ती तिकडे ओझं ओढते. मग प्रश्न उरतो पैशांचा, आणि तो शेवटच्या वर्षी सुटत नाही. घोडी दहा वर्षांची असतानाच प्रत्येक वरातीच्या सुपारीतून ठरावीक रक्कम तिच्या नावानं वेगळी पडायला हवी. तुम्ही तीन-चार घोडीवाले मिळून होटगी-कुंभारीकडे एखादं पडीक रान भाड्यानं घेतलंत तर सगळ्यांच्या म्हाताऱ्या जनावरांना एक जागा होईल. एकटी घोडी तशीही झुरते. तो कळपाचा प्राणी आहे.

माझ्याकडे शर्यतीतून निवृत्त झालेला एक थरोब्रेड आहे, त्याच्यावरून एक गोष्ट आवर्जून सांगते. घोडे उभ्या उभ्या डुलकी काढतात, पण गाढ झोप लागायला त्यांना आडवं व्हावंच लागतं. सांधे दुखणारा म्हातारा घोडा आडवा व्हायला घाबरतो, कारण परत उठता येईल याची त्याला खात्री नसते. कित्येक रात्री तो झोपतच नाही. मग उभ्या उभ्या पेंगतो आणि पुढच्या पायांवर कोसळतो. म्हणून पुढच्या पायांच्या खुरावरच्या सांध्यांवर, समोरच्या बाजूला, खरचटल्याच्या जुन्या-नव्या खुणा आहेत का ते बघा. माझ्याकडे त्या खुणा बघून आम्हाला वाटलं होतं की कुंपणाला घासतोय. डॉक्टरांनी सांगितल्यावर खाली वीतभर मऊ अंथरूण केलं, जागा मोठी केली. काही दिवसांनी सकाळी त्याच्या अंगाला एका बाजूला काड्या चिकटलेल्या दिसायला लागल्या. तो झोपत होता.

आपल्याकडे उसाचं पाचट फुकट मिळतं. जाळण्यापेक्षा अंथरा. धूळ आणि बुरशी मात्र नको, म्हाताऱ्या घोड्याची छाती लवकर भरते.

होटगीकर (धागाकर्ता)

मेघनाताई, आत्ताच बघून आलो. खुणा आहेत, दोन्ही पायांना. लक्ष्मीला रात्री अगाडी-पिछाडी लावून, म्हणजे पुढून आणि मागच्या पायांना दोर लावून, बांधायची चुलत्यांची पद्धत होती, तीच चालू आहे. आज काढतो. पाचट उद्या आणतो.

डॉक्टरसाहेब, चाऱ्याबद्दल आणखी विचारायचं होतं. शेजारी उसाची वाढी आणि हत्ती गवत भरपूर आहे. शिवाय गव्हाचा कोंडा रोज देतो, मऊ असतो म्हणून. चालेल ना?

पशुवैद्य_निवृत्त

कोंडा रोज नको. कोंड्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम फार कमी. वाढी आणि हत्ती गवतात ऑक्झलेट असतं, ते आहे तेवढं कॅल्शियमही अडकवून ठेवतं. दोन्ही महिनोन्महिने दिलं की शरीर हाडांतून कॅल्शियम काढायला लागतं. जबड्याची आणि नाकाची हाडं सुजून चेहरा फुगतो, दात हलतात, पाय धरतात. लोकांना वाटतं घोडी गालात भरली. म्हशीला जे चालतं ते घोड्याला चालतंच असं नाही. लसूणघासात कॅल्शियम भरपूर आहे, तो रोजच्या खाण्यात ठेवा. कोंडा आठवड्यातून एखाद्या वेळी ठीक.

कोवळी ज्वारी, कडवळ किंवा कापणीनंतर फुटलेले कोंब अजिबात नकोत, त्यात विष तयार होतं. मंगळवेढ्याकडचा चांगला वाळलेला ज्वारीचा कडबा चालतो, बुरशी नसलेला.

आणि हे ठळक अक्षरांत समजा: कोंबड्यांचं खाद्य घोड्याच्या तोंडाला लागता कामा नये. त्यात मोनेन्सिनसारखं औषध मिसळलेलं असू शकतं. कोंबडीला ते चालतं, घोड्याचं हृदय मात्र अगदी थोड्या मात्रेतही निकामी होतं, त्याला उतारा नाही. गुरांचं पोत्यातलं खाद्यही छापील मजकूर वाचल्याशिवाय देऊ नका.

गूळ घालून चंदी द्यायची पद्धत वरातीच्या घोड्यांत फार आहे. म्हाताऱ्याला बंद. भर उन्हाळ्यातही लांब, कुरळे केस झडत नसतील, पाणी फार पीत असेल, पाठ खचून पोट सुटलं असेल तर मेंदूच्या तळाच्या ग्रंथीचा आजार असू शकतो. म्हाताऱ्या घोड्यांत तो नेहमीचा आहे. रक्त तपासून कळतो, पर्गोलाइड नावाच्या गोळीनं ताब्यात राहतो. अशा घोड्याला साखर-पिष्ट जास्त झालं की खुराच्या आतला थर सुजतो. खूर गरम लागतो, टाचेच्या वर बोट ठेवलं तर नाडी जोरानं उडते, घोडं पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभं राहतं. असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. चालवू नका, चंदी बंद, खाली मऊ वाळू.

विधिज्ञ_सातरस्ता

कायद्याचं थोडक्यात. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. त्याच्या कलम ११ प्रमाणे मालकानं पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं हा गुन्हा आहे आणि उपासमार होईल अशा स्थितीत जनावर सोडून देणं हाही. दंड मात्र पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये, तो आजच्या काळात हास्यास्पद नव्हे तर लाजिरवाणा आहे. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत. दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि तापमान ३७ अंशांच्या वर असेल तिथं दुपारी १२ ते ३ या वेळेत काम घ्यायचं नाही. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळीस ओलांडतो, म्हणजे इथं हा नियम रोजच लागू. काटेरी लगामालाही याच नियमांनी बंदी आहे. तरी तो राजरोस वापरला जातो. जुन्या वरातीच्या घोड्यांच्या ओठांच्या कोपऱ्यांत पांढरे व्रण असतात, ते त्याचेच.

होटगीकर (धागाकर्ता)

लक्ष्मीच्या ओठांना आहेत ते व्रण. आम्हाला वाटायचं जन्मखूण.

पंढरपूरकर_माय

मी कधी घोडं पाळलं नाही, पण आमच्या आळीत टांगेवाले होते. माझं बालपण त्या टापांच्या आवाजात गेलं. रिक्षा आल्या, टांगे गेले, आणि घोडी हळूहळू दिसेनाशी झाली. कुठं गेली ते आम्ही कुणीच विचारलं नाही. वाखरीच्या रिंगणात माउलींचा अश्व धावतो तेव्हा त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला लाखोंची झुंबड उडते. मीही लावते. ती श्रद्धा खरी असेल तर ती टांग्यातून सुटलेल्या घोड्यापर्यंत पोचली पाहिजे, असं मला फार वाटतं. होटगीकर, तुमच्या लक्ष्मीसाठी कडब्याच्या शंभर पेंढ्या माझ्याकडून. पत्ता निरोपातून कळवा.

माळरान_नान्नज

उन्हाबद्दल लिहितो, आमच्याकडे भीमथडी तट्टं आहेत. धनगरांचं बिऱ्हाड वाहणारी ही भीमेच्या खोऱ्यातली जात, आता तिची स्वतंत्र नोंदही झाली आहे. काटक असतात, तरी म्हातारी झाली की ऊन सोसत नाहीत.

पत्र्याखाली बांधू नका, भट्टी होते. चिंच किंवा कडुनिंबाची सावली पत्र्यापेक्षा कितीतरी गार. पत्राच असेल तर वर पाचट किंवा तुराट्यांचा थर टाका आणि वाऱ्याच्या बाजूला ओली गोणपाटं. पाणी दिवसाला तीस-चाळीस लिटर सहज लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. हौद उन्हात नको, तापलेलं पाणी घोडं पीत नाही आणि पाणी कमी झालं की कोरडा चारा आतड्यात अडकतो. मिठाचा खडा चाटायला ठेवा.

धापा टाकत असेल तर अंगावर गार पाणी सलग ओतत राहा. तापलेल्या अंगावर गार पाणी घातलं की घोडं आखडतं, असं जुने लोक सांगतात, तसं काही होत नाही. उलट पाणी न घातल्यानं घोडी गेलेली पाहिली आहे. घामच यायचा बंद झाला आणि कातडी कोरडी पडली तर ते जास्त धोक्याचं, तेव्हा डॉक्टरांना बोलवाच.

थंडीत रात्री पाठीवर जुनी सोलापुरी चादर. दवानं भिजली की काढायची.

पशुवैद्य_निवृत्त

माळरान यांनी नेमकं लिहिलंय. त्यात नुकऱ्यासाठी एक भर. गुलाबी कातडीला रंगद्रव्याचं संरक्षण नाही. नाकाड भाजतं, सोलतं, आणि डोळ्यांभोवती वर्षानुवर्षं ऊन लागून कर्करोगाची गाठ होऊ शकते. पापणीच्या कडेला न भरणारी जखम किंवा फुलकोबीसारखा फोड दिसला तर थांबू नका, लहान असताना काढता येतो. नाकाडाला झिंक ऑक्साइडचं मलम, डोळ्यांवर जाळीचा मुखवटा. माश्याही दूर राहतील.

शेळगीचा_गणेश

विषयाला धरूनच एक तातडीचं विचारतो. तुळजापूर रस्त्याला एक तट्टू दोन दिवसांपासून लंगडत फिरतंय. मागच्या पायाला गुडघ्याखाली मोठी जखम आहे, माश्या बसतात. मालक दिसत नाही. जवळ जाऊ देतं. काय करू? एक जण म्हणतो मोरचूद लाव, दुसरा म्हणतो ऑइल लाव.

पशुवैद्य_निवृत्त

गणेश, मोरचूद, चुना, जळकं ऑइल, रॉकेल, यांतलं काहीही नको. जिवंत मांस जळतं आणि जखम महिनाभर मागे जाते. आधी १९६२ वर फोन करा, पशुसंवर्धनाचा निःशुल्क क्रमांक आहे. ते येईपर्यंत सावलीत बांधा, पाणी ठेवा. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सपाट चमचा-दीड चमचा मीठ, साधारण ९ ग्रॅम, घालून त्या पाण्यानं जखम भरपूर धुवा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा. अळ्या असतील तर डॉक्टरांना काढू द्या.

धनुर्वाताची लस कधी टोचली माहीत नाही, म्हणून ते इंजेक्शन लागणारच. सगळ्या पाळीव जनावरांत घोड्याला धनुर्वाताचा धोका सर्वांत जास्त, खिळ्याएवढ्या भोकातूनही होतो. घोड्याच्या गुडघ्याखाली स्नायू नाहीत, नुसती कातडी, नसा आणि हाड. तिथली जखम भरताना मांस कातडीच्या वर उगवतं आणि कातडी मिटत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यातली मलमपट्टी महत्त्वाची.

वेदनाशामक स्वतःच्या मनानं देऊ नका. डायक्लोफिनॅक जनावरांना द्यायला २००६ पासून बंदी आहे, ते खाल्लेलं जनावर मेलं की गिधाडं मरतात. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवरही बंदी आली. मेलोक्सिकॅमसारखी औषधं आहेत, पण मात्रा डॉक्टर ठरवतील.

आणि नाकातून चिकट पिवळा स्राव किंवा अंगावर गाठींची माळ दिसली तर हात लावू नका. ग्लँडर्स माणसालाही होतो आणि जीवघेणा आहे. त्याच कारणासाठी बाजारातून, जत्रेतून आलेलं नवं घोडं रक्त तपासल्याशिवाय आपल्या जनावरांत मिसळू नये. एका हौदावर पाणीसुद्धा पाजू नये.

मेघना_सोलापूर_पुणे

गणेश, ॲनिमल राहत या संस्थेचं काम सोलापुरातही आहे, कामाच्या बैल-घोडे-गाढवांसाठीच. त्यांनाही कळवा.

शेळगीचा_गणेश

डॉक्टर येऊन गेले. टाके घालण्याची वेळ उलटली होती, पण स्वच्छ करून पट्टी केली, इंजेक्शनं दिली. हाड शाबूत आहे. आमच्या गल्लीतल्या मोकळ्या प्लॉटवर बांधलंय, पोरं पाणी घालतात. मालकाचा शोध चालू आहे.

होटगीकर (धागाकर्ता)

लक्ष्मीचे दात घासून झाले. आत गालाला दोन्ही बाजूंनी लांब चिरा होत्या, पांढऱ्या पडलेल्या. डावीकडची एक दाढ हलत होती, ती डॉक्टरांनी बोटांनीच काढली. दाढेची लांबी नखाएवढीसुद्धा राहिली नव्हती. आता भिजवलेली कुट्टी, लसूणघास, भरडलेला हरभरा आणि करडईचं तेल. बोळे पडायचे जवळपास थांबले. छातीचा घेर अजून तेवढाच आहे, पण कमी झालेला नाही, आणि डॉक्टर म्हणाले आधी तेच हवं होतं. सकाळ-संध्याकाळ बांधावरून हळूहळू फिरवतो, पायांचा आखडलेपणा कमी आहे.

एक प्रश्न राहून राहून मनात येतो. आज बरी आहे. पण एक दिवस खाली बसली आणि उठलीच नाही तर?

पशुवैद्य_निवृत्त

हा विचार आधीच करून ठेवलात हे चांगलं. खाली बसलेलं घोडं गुरासारखं दिवसचे दिवस बसू शकत नाही. स्वतःच्याच वजनानं खालच्या बाजूचे स्नायू आणि नसा चेंगरतात. पहिले काही तास महत्त्वाचे. दर दोन-तीन तासांनी कूस बदला, खाली जाड पाचट, डोकं आपटू नये म्हणून मानेखाली पोतं. शेपटीला आणि मानेला एकाच वेळी ओढून उठवू नका. कारण सापडलं आणि बरं होण्यासारखं असलं तर सगळे प्रयत्न करायचे.

नसेल, वेदना औषधानं थांबत नसेल, खाणं-पिणं सुटलं असेल, तर पशुवैद्याच्या हातून शिरेतून इंजेक्शन देऊन शांतपणे निरोप देता येतो. त्यानंतर खोल खड्डा, विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब. ते औषध मृत शरीरात राहतं, कुत्र्या-गिधाडांनी खाल्लं तर तीही मरतात.

पंढरपूरकर_माय

डॉक्टर, माफ करा, मला हे पटत नाही. जीव आपण दिला नाही, घेणारे आपण कोण? सेवा करायची, शेवटपर्यंत.

पशुवैद्य_निवृत्त

ताई, तुमच्या भावनेचा आदर आहे. मी स्वतः वारकरी घरातला. पण पोटाला पीळ पडलेलं घोडं पाय झाडत, भिंतीवर डोकं आपटत रात्रभर तडफडताना मी पाहिलंय, आणि मालक बाहेर बसून हरिपाठ म्हणत होता. त्या रात्री सेवा कशात होती हे मला माहीत आहे. निर्णय मालकाचा, पण पर्याय त्याच्यासमोर ठेवणं माझं काम.

वरातवाला

मी हा धागा घरी सगळ्यांना वाचून दाखवला. मेघनाताई, रानाबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी आमच्या दोघा-तिघा घोडीवाल्यांशी बोललो. कुंभारीकडे एक जण विहिरीसकट तुकडा द्यायला तयार आहे, भाडं ठरायचंय. माझी थोरली घोडी पुढच्या हंगामात थांबवायची आहे, तिचं पहिलं नाव. होटगीकर, लक्ष्मीला जोडीदार हवी असेल तर तोवर माझी थोरली तुमच्याकडे ठेवू का? चारा माझा. डॉक्टरांनी सांगितलंय तसं रक्त तपासून, लसी टोचूनच आणीन.

होटगीकर (धागाकर्ता)

जरूर आणा दादा. पहिले काही दिवस वेगळ्या दावणीला ठेवू, हौदही वेगळा करतो. पंढरपूरच्या मायचा कडबा कालच पोचला, दोघींना पुरेल.

नालबंददादा, तुम्ही होटगीकडे कधी येता? लक्ष्मीच्या पुढच्या दोन नाला अजून तशाच आहेत.

बार्शीचा_नालबंद

येत्या रविवारी सकाळी येतो, ऊन चढायच्या आत. आदल्या सांजेला तिला हौदापाशी ओल्या मातीत उभी करा, खूर ठणठणीत वाळला असला की कानस चालत नाही. धरायला एक शांत माणूस पायजे, चुलते असतील तर तेच. तिला त्यांचा हात ओळखीचा.